ग्रामसभेला जाताना एमबीची (मोजमाप पुस्तिकेची) प्रत सोबत ठेवा

"रस्त्याचं काम निकृष्ट झालंय" असं ग्रामसभेत कुणी म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं: "लेखी द्या, चौकशी लावतो." पुढं काही होत नाही, कारण निकृष्ट या शब्दाची मोजदाद करता येत नाही. तेच जर "एमबीत जाडी पंधरा सेंटिमीटर लिहिलीय, जागेवर बाराच भरते, मधल्या तीन सेंटिमीटरचे पैसे कसे निघाले?" असं विचारलं, तर सरपंच, ग्रामसेवक (आताचं पदनाव ग्रामपंचायत अधिकारी) आणि शाखा अभियंता या तिघांचीही सही त्या पैशांच्या वाटेवर कुठं ना कुठं असते आणि उत्तर टाळणं अवघड होतं. सरपंच आणि सदस्यांना जाब विचारायची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये भरपूर आहे. ती चालते कागदाच्या आधारावर, आणि कागद कुठं असतो तेच बहुतेकांना माहीत नसतं.

सुरुवात ग्रामसभेपासूनच करू. कलम ७ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि सबळ कारणाशिवाय त्यात कसूर करणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. खरी गोम इथंच आहे. पहिल्या दिवशी लोक आले नाहीत म्हणून सभा तहकूब करायची आणि पुढच्या तारखेला पंधरावीस जणांत सगळे विषय मंजूर करून घ्यायचे, हे सर्रास चालतं आणि ते बेकायदाही नाही. म्हणून पहिल्या सभेपेक्षा तहकूब सभेची तारीख लक्षात ठेवणं जास्त गरजेचं आहे.

कलम ८ फार थोडे लोक वाचतात. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढं मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी तिच्या उत्तरांसह ठेवावी लागते. विषयपत्रिकेत हे विषय बहुधा असतात, पण "वाचून दाखवले, सर्वानुमते मंजूर" एवढ्या एका ओळीत उरकतात. त्या सभेच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यायचा, की लेखापरीक्षण टिपणी आणि तिची अनुपालन उत्तरं (आक्षेपांवर काय केलं याची उत्तरं) सभेत वाचून दाखवावीत. अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख टाकून पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज हा दिलेलाच नसलेला अर्ज असतो.

इतिवृत्ताची, म्हणजे गावात ज्याला प्रोसिडिंग म्हणतात त्या वहीची, काळजी सगळ्यात जास्त घ्यावी. सभेत झालेलं बोलणं आणि वहीत उतरलेला ठराव यांत फरक पडतो तो तीन जागी. हजेरीच्या सह्या आधी घेतल्या जातात आणि ठराव चार दिवसांनी लिहिले जातात. दोन ठरावांच्या मध्ये रिकामी जागा सोडली जाते. आणि शेवटी "आयत्या वेळचे विषय" या मथळ्याखाली विषयपत्रिकेत नसलेला खर्च घुसवला जातो. यावर उपाय साधा आहे: सभा संपायच्या आत ठराव वाचून दाखवायचा आग्रह धरायचा, सूचक आणि अनुमोदक म्हणून कुणाची नावं लिहिली जातायत ते ऐकायचं, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून सही घ्यायला सांगायचं आणि पानाचा फोटो काढायचा. तुमचा विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवा. "सर्वानुमते" या शब्दाखाली तुमचंही नाव गेलं, की पुढच्या तक्रारीत तोच ठराव तुमच्यासमोर ठेवला जातो. पुढच्या सभेत विषय क्रमांक १ असतो मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा. चुकीची नोंद दुरुस्त करून घ्यायची हीच वेळ.

एखाद्या कामाचा माग काढायचा तर त्याची साखळी माहीत हवी. गावाच्या विकास आराखड्यात नाव, ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. तारखा या क्रमाने पुढं सरकायला हव्यात. कार्यारंभ आदेशाच्या आधीची मोजमापं, किंवा तांत्रिक मान्यतेच्या आधीची निविदा दिसली तर तिथं थांबून वाचायचं. एकाच रस्त्याचे "अमुक घर ते तमुक घर" असे तीन तुकडे करून प्रत्येकाची रक्कम ई-निविदा सक्तीची होते त्या मर्यादेखाली ठेवणं ही जुनीच युक्ती आहे. आराखड्यात तीन कामं शेजारी शेजारी दिसली आणि ठेकेदार एकच निघाला, तर विचारा.

मोजमाप पुस्तिका, म्हणजेच एमबी, ही साखळीतली सगळ्यात बोलकी वही. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाचा शाखा किंवा कनिष्ठ अभियंता तिच्यात नोंदी घेतो आणि उपअभियंता तपासणी करून सही करतो. नोंद अशी असते: काँक्रीट रस्ता, १०० × ३ × ०.१५ = ४५ घनमीटर. जागेवर टेप लावल्यावर लांबीरुंदी बरोबर निघते, कारण ती कुणीही मोजू शकतं. चोरी होते ती जाडीत. जाडी १२ सेंटिमीटरच असेल तर काँक्रीट भरतं ३६ घनमीटर, म्हणजे ९ घनमीटरचे पैसे न केलेल्या कामाचे. एकूण रकमेचा हा पाचवा हिस्सा. आता यातही मेख आहे. कडेला लावलेली फळी पंधरा सेंटिमीटरचीच असते, त्यामुळे कड मोजली तर जाडी बरोबर भरते. मधला मुरूम उंच दाबून ठेवला की मध्यभागी काँक्रीट दहा-बारावर येतं, आणि ते वरून कळत नाही. ओतकामाआधी फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून मध्यभागी दोरीपासून मुरमापर्यंतचं अंतर मोजलं, तर हे त्याच क्षणी दिसतं. रस्त्याला मध्यभागी उतारासाठी उंची दिली असेल तर तेवढी त्यात धरायची. काम झाल्यावर मात्र कोअर, म्हणजे काँक्रीट आरपार कापून घेतलेला नमुना, काढल्याशिवाय पर्याय उरत नाही, आणि कोअर तपासणीची मागणी लेखी व मोजमापाच्या आकड्यासह केली तरच तिला वजन येतं.

जमिनीखाली जाणाऱ्या कामांना, म्हणजे पाइपलाइन आणि भूमिगत गटार यांना, हीच गोष्ट दुप्पट लागू होते. चर बुजवण्याआधी खोली मोजून फोटो घेतला नाही, तर नंतर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरेदीची तपासणी त्यापेक्षा सोपी. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं उदाहरण घ्या. हजार लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम लागते. गावाची टाकी रोज एक लाख लिटर भरत असेल तर दिवसाला अर्धा किलो, महिन्याला १५ किलो, वर्षाला सुमारे १८० किलो, म्हणजे २५ किलोच्या सात-आठ गोण्या. प्रमाणकावर तीस गोण्या दिसल्या तर साठा नोंदवही मागवा. पथदिवे, पंप, मोटर यांचंही तसंच: नवा पंप कधी घेतला याच्याइतकाच जुना पंप कुठं आहे हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

कागद मिळवायचे कसे? पैसे कुणाला गेले हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतं: आराखडा, कामाचं नाव, रक्कम. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. बंधित निधीतून प्रवेशद्वाराची कमान उभी राहिलेली दिसली, तर तो प्रश्न तिथंच तयार होतो. ही देयकं सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतात. कित्येक ठिकाणी दोन्ही डोंगल संगणक चालकाच्या कप्प्यात पडून असतात आणि पिन चिठ्ठीवर लिहिलेला असतो. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर अशा वेळी चालत नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची. आणि सरपंच महिला असतील तर प्रश्न त्यांनाच विचारावा, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पतीला नव्हे. त्यांच्या उत्तराची सवय गावाला व्हायलाच हवी.

एमबी आणि प्रमाणकं पोर्टलवर मिळत नाहीत, ती माहिती अधिकारातून. अर्जाला १० रुपये, प्रत पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. अर्ज फसतो तो "गेल्या पाच वर्षांतली सर्व कामांची संपूर्ण माहिती" असं मागितल्यावर. एक काम, एक आर्थिक वर्ष आणि कागदांची नावं लिहा: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, देयक, प्रमाणक. "असं का केलं?" हा प्रश्न माहितीत बसत नाही, तो ग्रामसभेसाठी राखून ठेवा. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथं तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून प्रत्यक्ष अवलोकनाचा मार्ग मला जास्त उपयोगी वाटतो. २०१८ च्या शासन निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात.

लेखापरीक्षण अहवाल वाचताना दोन शब्दांत गल्लत करू नका. आक्षेपाधीन रक्कम म्हणजे खर्चाला आवश्यक कागद जोडलेले नाहीत. कागद सापडले तर आक्षेप वगळला जातो. वसूलपात्र रक्कम म्हणजे संबंधितांकडून पैसे परत घ्यायचे आहेत. आक्षेपाधीन आकड्यावर अपहाराची ओरड केली, की ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी पावत्या जोडून मोकळा होतो आणि तक्रारदार खोटा पडतो. वसूलपात्र आकडा मात्र धरून ठेवावा: कुणाकडून, किती, आतापर्यंत किती वसूल, चलन कुठं.

पदावरून दूर करायचे मार्ग वेगवेगळे आहेत, आणि एकाची तक्रार दुसऱ्या दारात नेली की वर्ष वाया जातं. गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर यासाठी कलम ३९: चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, आदेश विभागीय आयुक्त काढतात, अपील राज्य शासनाकडे. अपात्रतेसाठी कलम १४ आणि १६, आणि तिथं निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. सरकारी जागेवरचं अतिक्रमण, ग्रामपंचायतीच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध, मुदतीत न भरलेला कर ही नेहमीची कारणं. कराच्या प्रकरणात बिल बजावल्याचा पुरावाच नसतो आणि अर्ज तिथंच पडतो. अतिक्रमणात मोजणी नकाशा आणि नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा लागतो. शेजाऱ्यांचे जबाब पुरत नाहीत. सदस्याने स्वतः केलेलं नसलं तरी कुटुंबाच्या अतिक्रमणात तो राहत असेल तर अपात्रता येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

अविश्वास ठराव हा कलम ३५ चा भाग आणि तो सदस्यांच्या हातात. सूचना तहसीलदारांकडे जाते, ते सात दिवसांत विशेष सभा बोलावतात. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब व्हावं लागतं. थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली, त्यामुळे आपला सरपंच कोणत्या पद्धतीने निवडून आलाय ते आधी पाहावं. निवडीनंतरची पहिली दोन वर्षं आणि मुदत संपायच्या आधीचे सहा महिने हा ठराव आणताच येत नाही. सूचनेवर सह्या गोळा करण्याआधी या दोन तारखा कॅलेंडरवर मोजून घ्या.