वस्तीतली माणसं आणि आरोग्याचा वर्ग

अमेरिकेतलं शिक्षण म्हटलं की आपल्याकडे हार्वर्ड, स्टॅनफर्ड हीच नावं निघतात. माझा जीव मात्र जडलाय तो इथल्या कम्युनिटी कॉलेजांवर. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, वयाची आडकाठी नाही, आणि राज्याच्या रहिवाशांना फी एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला (क्रेडिटला), ४६ डॉलर. इथे दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं.

अशाच एका कॉलेजात मी संध्याकाळी कम्युनिटी हेल्थ वर्करचा, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्याचा, अभ्यासक्रम करतेय. शेजारच्या बाकावर हॉटेलातली पाळी संपवून आलेली मेक्सिकन आजी, पलीकडे नुकतीच शाळा संपवलेला व्हिएतनामी मुलगा. पुढे हीच माणसं आपापल्या वस्तीत घरोघरी जाणार.

परवा जोड्या लावून सराव होता. एकाने मधुमेहाचा पेशंट व्हायचं, दुसऱ्याने कार्यकर्ता. उपदेश करायला सक्त मनाई. विचारायचं फक्त, "शून्य ते दहामध्ये सांगा, गोड कमी करायची तुमची कितपत तयारी आहे?" आजी म्हणाल्या, "चार." यावर कोणीही पटकन विचारेल, "चारच का?" आणि समोरचा अडचणींचा पाढा वाचायला लागेल. आमच्या बाई शिकवतात ते नेमकं उलट: "चार म्हणालात, दोन का नाही?" मग आजी आपणहून बोलू लागल्या. नातीचं लग्न बघायचंय, त्यासाठी डोळे शाबूत राहायला हवेत. कारण त्यांचं, त्यांच्याच तोंडून आलेलं. डॉक्टरांच्या पंधरा मिनिटांत हे कुठून निघणार!

सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात असा प्रमाणपत्र अभ्यासक्रम १९९०च्या दशकापासून चालतो. २०१० साली अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या व्यवसायांच्या यादीत या कामाला स्वतंत्र स्थान मिळालं. आणि जुलै २०२२पासून कॅलिफोर्नियाची मेडी-कॅल ही गरिबांसाठीची आरोग्य योजना या सेवेचे पैसे देते. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, कारण नुसत्या कौतुकावर घर चालत नाही.

हे सगळं शिकताना मला सारखं नगर जिल्ह्यातलं जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केलं. गावांनी निवडून दिलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचे धडे दिले आणि त्या बायकांनी गावं बदलून दाखवली. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८च्या अल्मा-आटा परिषदेआधी जागतिक आरोग्य संघटनेने ज्या प्रयोगांची दखल घेतली, त्यांत जामखेड होतं. म्हणजे जे मी इथे फी भरून शिकतेय, ते नगर जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय.

मग २००५पासून दारोदार फिरणाऱ्या आपल्या आशाताई अजून मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावरच का? त्यांच्या अनुभवाला कॉलेजात किंमत का नसावी? तालुक्याच्या कॉलेजात संध्याकाळचा वर्ग काढता येईल, शिकवायला जामखेडच्या जुन्या कार्यकर्त्यांना बोलावता येईल. श्रेयांक साठवायची सोय नव्या शैक्षणिक धोरणाने केलेलीच आहे. या वर्गाचे श्रेयांक पुढे बी.ए.ला धरता यावेत. तुमच्यापैकी कोणाची गावाकडच्या कॉलेजच्या संचालक मंडळात ओळख असेल, तर पुढच्या भेटीत हा विषय जरूर काढा.