खाडी लिंक, नोंद पाचवी: धक्क्याची सातवी पायरी

घर आणि खाडीपलीकडची बाग जोडणारी माझी वायरलेस लिंक पडते तेव्हा पाणी धक्क्याच्या सातव्या पायरीवर असतं. अडीच महिन्यांच्या डोकेफोडीचं उत्तर एवढंच निघालं.

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की दोष डीएचसीपीच्या लीजचा, म्हणजे राउटर प्रत्येक यंत्राला ज्या मुदतीवर आयपी पत्ता देतो त्या मुदतीचा आहे. ते मागे घेतो. लीज बारा तासांची, क्लायंट निम्म्या वेळेला, म्हणजे सहा तासांनी नूतनीकरण मागतो, आणि लिंक दिवसातून चारदा पडते. हिशेब इतका गोड जुळला की पुढे बघावंसंच वाटलं नाही. मग लीज दोन तासांवर आणली, पुढे चोवीसवर नेली, शेवटी सगळ्यांना हातानं आयपी दिले. लिंक आपली चारदा पडतेच आहे.

नव्यांसाठी थोडक्यात: घर मुचकुंदीच्या खाडीच्या अलीकडे, कलमांची बाग पलीकडच्या उतारावर. तिरकं अंतर १.८ किलोमीटर. दोन्हीकडे १६ डीबीआय क्षमतेची चपटी अँटेना-पॅनलं, ५.८ गिगाहर्ट्झ. सुकतीच्या, म्हणजे पुऱ्या ओहोटीच्या पाण्यापासून घराकडचं पॅनल ९ मीटरवर, बागेतल्या मांगरावरचं १४ वर. पलीकडे पंपाचा स्टार्टर, दोन कॅमेरे (माकडांसाठी, चोरांसाठी नव्हे) आणि लोराचे (लांब पल्ल्याचा, संथ रेडिओ) ओलावा मोजणारे चार सेन्सर. लोरा ८६५ मेगाहर्ट्झवर थेट घरी येतं, ते या पॅनलांवर अवलंबून नाही. आणि लोरा कधीच पडलं नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्याआधी केबलवर संशय होता, तोही पुरता खोटा नव्हता. ‘शुद्ध तांबं’ म्हणून एका दुकानदारानं गळ्यात मारलेल्या केबलची तार ब्लेडनं खरवडली, तर वरच्या लाल मुलाम्याखाली पांढरं शुभ्र अॅल्युमिनियम. तीस मीटर अंतर, चोवीस व्होल्टचा पॅसिव्ह पीओई (त्याच केबलीतून वीज) आणि खारा वारा. कनेक्टरच्या तोंडाशी हिरवट-पांढरी पूड जमली होती. अस्सल तांब्याची केबल ओढली, जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळली, आणि पुढचे चार दिवस लिंक एकदाही पडली नाही. मी घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा सुरू.

ते चार दिवस अष्टमीच्या आसपासचे होते, हे आता कळतंय. भांगाची, म्हणजे लहान भरती! पाणी सातव्या पायरीपर्यंत जेमतेम येऊन परत जात होतं. सिग्नल −७० डीबीएमपर्यंत (आकडा जितका खाली, तितका सिग्नल क्षीण) घसरायचा पण तुटायचा नाही, आणि श्रेय घेतलं केबलनं.

धागा सापडला तो स्मोकपिंगच्या, म्हणजे पिंगची ये-जा सतत नोंदवणाऱ्या प्रोग्रामच्या आलेखात. (अजूनही नुसत्या पिंगवर दिवस काढणाऱ्यांनी हे आजच बसवा.) पंधरा दिवसांच्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या तर खड्डे तिरक्या ओळीत सरकताना दिसले, रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. एकाआड एक दोन खड्ड्यांमधलं अंतर मोजलं: १२ तास २५ मिनिटं. जगातला कुठलाही क्रॉन जॉब (घड्याळावर लावलेलं आपोआप काम) असा चालत नाही. शेजारचे होडीवाले काका अंगणात जाळं सांधत होते, त्यांना कागद दाखवला. त्यांनी आकड्यांकडे बघितलंही नाही. ‘पुनवेला किती वाजता?’ म्हटलं, सकाळी नऊ, मग दीड. ‘तिथीची पाऊणपट कर. पंधराचे सव्वाअकरा. भरलं पाणी सव्वाअकराला. तुझं बंद पडतं ते चढताना नि उतरताना.’

त्यावर मग मी धक्क्यावर मुक्काम ठोकला. एका हातात फोन, त्यावर रेडिओचं पान, दुसऱ्या हातात खडू. पुनवेला सकाळी पाणी चढताना −५८, −६३, −७१, आणि मग वीसेक मिनिटं नुसती घसरण, −८५ पर्यंत. कॅमेरे गेले, पंप गेला. खूण केली. दुपारी उतरत्या पाण्यात पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा, रात्री टॉर्च घेऊन. घड्याळात चार वेगळ्या वेळा, चारही खडूच्या रेघा सातव्या पायरीवर, एकमेकींपासून चार बोटांच्या आत. तो चौथ्या रेघेचा क्षण मी बराच वेळ एकटाच पायरीवर बसून चाखला.

आता कारण. घरून निघालेली लहर मांगरावर दोन वाटांनी पोचते: एक सरळ, दुसरी पाण्यावर आपटून. परावर्तित वाट किंचित लांब पडते. हा फरक म्हणजे दोन्ही उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर. इतक्या सपाट कोनात पाण्यावरून परतताना लहर उलटी होते, त्यामुळे फरक पूर्ण तरंगलांबीच्या पटीत आला की दोघी एकमेकींना खातात. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ५.१७ सेंटिमीटर. पाणी सुकतीपेक्षा दीड मीटर वर चढलं की माझा फरक होतो १०.४ सेंटिमीटर, म्हणजे दोन तरंगलांबी जवळजवळ तंतोतंत. धक्क्यावर फूटपट्टी लावून बघितलं: दीड मीटर म्हणजेच सातवी पायरी. लोराची तरंगलांबी पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास, तिच्या वाटेला हा फरक कधी अर्ध्यापर्यंतही पोचत नाही, म्हणून ते निवांत.

मला वाटलं होतं की लाटा असतील तर परावर्तन विस्कटेल. नाही विस्कटत. लहर पाण्याला पाऊण अंशाच्या कोनात शिवते, आणि त्या कोनातून अर्ध्या मीटरपर्यंतच्या लाटा तिला आरशासारख्याच. खाडीत एवढी लाट पावसाळ्यातच. पॅनल वर तिरकं करण्यातही अर्थ नाही, दोन वाटांत फरक अवघ्या एका अंशाचा आणि पॅनलचा झोत तीस अंशांचा. समोर जांभ्याचा बांध घालून परावर्तित वाट अडवायचं मनात आलं होतं. वीस मीटरवर दोन वाटांमध्ये अंतर पडतं एक फूट, आणि तिथे पहिल्या फ्रेनेल झोनची, म्हणजे लहरीला मोकळ्या लागणाऱ्या जागेची त्रिज्याच एक मीटर. बांध दोघींनाही अडवणार. गवंड्याचे पैसे वाचले.

पुस्तकी उपाय म्हणजे दुसरं पॅनल वेगळ्या उंचीवर. किती वेगळ्या? तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले समोरच्या उंचीची चौपट. दीड मीटर पाण्याला ते येतं १.८६ मीटर. वरचं पॅनल मेलेलं असताना खालचं ऐन भरात. खालचं मरणार ते जवळपास पुऱ्या सुकतीला, तेव्हा वरचं ठीक. दोन्ही एकदम कधीच मरत नाहीत. ही कल्पना मला इतकी आवडली की त्याच संध्याकाळी जुनं पॅनल पडवीच्या वाशाला नटबोल्टनं आवळलं, दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये खोचल्या आणि मांगरावरच्या रेडिओला जोडणी दिली.

आणि दिवाळी! स्विचचे झाडून सगळे दिवे एका लयीत फडफडायला लागले. घरातलं सगळंच ठप्प. आईची मालिका ऐन रंगात असताना, त्यामुळे संशोधनाला घरातून असलेला पाठिंबा त्या रात्री काढून घेण्यात आला.

माझाच गाढवपणा. स्विच, वरचं पॅनल, मांगर, खालचं पॅनल, परत स्विच: बंद वर्तुळ. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा असतो, प्रत्येक राउटरवर एकेक कमी होत शेवटी ते मरतं. इथरनेटच्या फ्रेमला तसलं आयुष्यच नाही. एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा निरोप, आत शिरला की वर्तुळात फिरतच राहतो, फिरताना त्याच्या प्रती निघतात. यासाठीच रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री काढलं: स्विच आपसात बोलून एक वाट मुद्दाम बंद ठेवतात. माझा स्वस्तातला स्विच ते बोलत नाही. डब्यावर ‘स्मार्ट’ लिहिलंय.

स्पॅनिंग ट्री चालवलं तरी माझं काम भागलं नसतं. त्याला वाट आहे की नाही एवढंच कळतं, वाट मरणपंथाला लागलीय हे कळत नाही. मग ठरवलं की ब्रिजिंगच, म्हणजे दोन्ही बाजू एकाच जाळ्यात ठेवणंच मोडायचं. घर १९२.१६८.१०, बाग १९२.१६८.२०, मधे दोन लहान जाळी, दोन्ही टोकांच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली आणि त्यावर ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपसात बोलून वाट निवडण्याची पद्धत. एक जुना वादही यानिमित्तानं माझ्यापुरता मिटला. आपल्यातले काही जण या लिंकला मॅन (शहरभराचं जाळं) म्हणत होते, काही वॅन (दूरवरचं जाळं). मी म्हणतो, किलोमीटर मोजू नका, ब्रॉडकास्ट कुठे थांबतो ते बघा. परवापर्यंत घरातला टीव्ही ‘मी इथे आहे’ म्हणून खाडीपलीकडच्या पंपालाही ओरडून सांगत होता, म्हणजे सगळं मिळून एकच लॅन (स्थानिक जाळं). आता राउटर मधे बसले, दोन लॅन झाल्या. (पाण्यापलीकडे नेटवर्क नेण्याचं वेड काही नवं नाही. हवाईच्या बेटांवर अलोहानेट १९७१ मध्ये सुरू झालं, आणि आपलं इथरनेट त्यातूनच सुचलं.)

ओएसपीएफचे ‘हॅलो’ निरोप दहा सेकंदांनी आणि शेजारचा राउटर मेला हे ठरायला चाळीस सेकंद. पंपाला हे चालतं, कॅमेऱ्याला नाही. हॅलो एका सेकंदावर आणि मुदत चारवर आणली. काल रात्रीच्या चढत्या पाण्यात वरची वाट गेली, खालची लागली, कॅमेऱ्याचं चित्र चार सेकंद गोठलं आणि पुढे सरकलं. तेव्हा आई जागी नव्हती, नाहीतर दाखवलं असतं.

पण खालच्या पॅनलसमोर शेजारच्या माडाची झावळी येते. वारा सुटला की सिग्नल डोलतो. पाडेल्याला सांगून ठेवलंय. तो म्हणतो, शिमग्यानंतर.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: उंची बदलण्याऐवजी तरंगलांबीच बदलली तर? ५.२ गिगाहर्ट्झला ती ५.७७ सेंटिमीटर. पुन्हा हिशेब मांडला. मरणबिंदू दीड मीटरवरून एक मीटरवर येतो, आणि दीडला सिग्नल चांगला राहतो. म्हणजे पडवीतलं पॅनल नको, झावळी नको, वर्तुळ नको. आहे त्याच जोडीनं −७२ च्या खाली गेल्यावर चॅनल बदलायचा. हे दोन्ही पट्टे आपल्याकडे २०१८ पासून परवान्याशिवाय खुले आहेत, आणि दोन्हीत रडारसाठी मिनिटभर थांबायची भानगड नाही, ती मधल्या पट्ट्यात. अडचण एकच: समोरचा रेडिओ नवा चॅनल शोधेपर्यंत अर्धा मिनिट जाईल. पण पाणी केव्हा सातव्या पायरीवर येणार हे आधीच माहीत आहे, तर सिग्नल पडायची वाट तरी कशाला बघायची? स्क्रिप्टला तिथीच शिकवावी.

तिथीची पाऊणपट शेलमध्ये लिहायला घेतलीय. उधाण अमावास्येला आहे, तोवर खालचं पॅनल उतरवत नाही. कुणाकडे पंचांग मोजणारी हलकी, आठ मेगाबाइट फ्लॅशमध्ये मावणारी लायब्ररी असेल तर कळवा. पायथन नको.