आमची वाटचाल : साकीनाक्याचा गाळा आणि सरकलेलं थर्मोकपल

१९९८ साली साकीनाक्याला अडीचशे फुटांचा गाळा भाड्याने घेतला. मी आणि माझा मेहुणा. एक मफल भट्टी (बंद कप्प्याची), तेलाची टाकी आणि हार्डनेस मोजायचं जुनं मशीन. डाय-पंच, म्हणजे धातू कापायचे-दाबायचे साचे, तापवून कडक करून द्यायचे, संध्याकाळी उधारीच्या मागे फिरायचं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री भट्टी कमरेएवढ्या पाण्यात होती. विटा, कॉइल, सगळं गेलं. नाहीतरी कर्ज काढायचंच होतं, मग त्यातच आर्गॉन, म्हणजे तापलेल्या धातूला हवा लागू न देणारा वायू, सोडता येणारी नळीची भट्टी (ट्यूब भट्टी) बसवून घेतली. मेहुणा महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. पण तिच्यामुळेच पुढे संशोधन करणारी मुलं गाळ्यात यायला लागली.

त्यांतल्या एकीने टायटॅनियम ॲल्युमिनाइडचे, म्हणजे टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, तुकडे आणले. हातावर घेतले तर लोखंडाच्या निम्म्याने भरतील. घनता घनसेंटिमीटरला ४ ग्रॅमच्या आसपास. जेट इंजिनातल्या निकेलच्या मिश्रधातूंची ८ च्या वर. बोइंग ७८७ ला बसणाऱ्या जीईएनएक्स इंजिनात टर्बाइनच्या शेवटच्या दोन टप्प्यांच्या पात्या याच जातीच्या आहेत. थंड असताना मात्र माल कपबशीसारखा. पहिला तुकडा आम्ही व्हाइसमध्ये आवळूनच तडकवला.

तिच्या तुकड्यांत कार्बन होता, दोनशे अणूंमागे एक. १२५० अंशांवर तो विरघळवायचा, बाहेर पडायला वेळ न देता झटकन थंड करायचं, मग ८०० अंशांवर चोवीस तास ठेवायचं. त्या चोवीस तासांत कार्बाइडच्या, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाच्या, बारीक सुया तयार होतात : टायटॅनियम तीन, ॲल्युमिनियम एक, कार्बन एक. धातूतली डिसलोकेशन्स, म्हणजे अणूंच्या रांगांमधले दोष, सरकायला लागली की या सुयांना अडतात, म्हणून तापलेली पाती ताणाखाली हळूहळू लांबत नाही. पण उष्णता जास्त झाली की दुसरंच कार्बाइड येतं, टायटॅनियम दोनवालं. जाडसर, चपटं, बरंचसं धातूच्या कणांच्या सीमेवर. सुयांसाठीचा कार्बन तेच खाऊन टाकतं.

आमचा माल परत आला. हार्डनेस वाढायचा तो वाढलाच नव्हता. मी सरळ तिच्या धातूवर ढकललं. ती म्हणाली, “काका, भट्टी आत खरंच ८०० ला होती का?” मला राग आला. डिस्प्ले काय खोटं बोलतो? तरी रात्री दुसरं थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी तार, आत सोडलं. आमचं जुनं नळीतून चार बोटं मागे सरकलं होतं, गार जागेतलं तापमान दाखवत होतं. आतला माल साठ-सत्तर अंश जास्त भाजत होता. किती दिवसांपासून, देव जाणे. डायच्या गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नव्हती, याचीच मला जास्त लाज वाटली.

सगळी बॅच फुकट पुन्हा केली. आता प्रत्येक भट्टीत दोन थर्मोकपल, आणि दोघांत पाच अंशांचा फरक पडला की काम बंद. मेहुण्याचा नियम आहे, माझ्यासाठीही सूट नाही.

या वेळी हार्डनेस चढला. आमच्या मायक्रोस्कोपखाली मला काहीच दिसलं नाही. त्या सुया इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाहीत. तिने फोटो पाठवला. करड्या रंगावर एकाच दिशेला पडलेल्या काड्या. बायको म्हणाली, केरसुणी सुटलीये. तो भट्टीशेजारी चिकटवलाय. कोपऱ्यातली छोटी रेघ पन्नास नॅनोमीटरची आहे, हे मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं.