पिंग येतोय, प्रिंट येत नाही

सप्टेंबर संपत आला की सीएच्या ऑफिसात कुणाशी धड बोलायची सोय नसते. ३० तारीख टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टची. अशाच एका सोमवारी सांगलीतल्या एका सीए साहेबांचा फोन आला. "प्रिंटर गेला. आमचा नेहमीचा माणूस म्हणतोय बोर्ड उडालाय, नवीनच घ्या. तुम्ही एकदा बघता का?"

प्रिंटर साधा लेझर, स्क्रीन नसलेला. सगळ्या कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन'. नेहमीच्या माणसाचा हिशेब असा, की प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.१.७. त्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली, तर उत्तर येतंय. म्हणजे केबल ठीक, राउटर ठीक. तरी प्रिंट निघत नाही, तर दोष प्रिंटरचाच.

पण पिंगला उत्तर आलं म्हणजे त्या पत्त्यावर कुणीतरी राहतंय, एवढंच. कोण राहतंय ते बघायला मी 'एआरपी -ए' कमांड दिली. समोर त्या पत्त्यावरच्या यंत्राचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख नंबर, आला आणि त्याच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर होतं 'ए'. त्या जागी २, ६, ए किंवा ई दिसलं, की तो सहसा कारखान्यातून आलेला नंबर नसतो, यंत्राने स्वतःच तयार केलेला असतो. हल्लीचे मोबाइल वायफायवर असंच करतात. हा जुना प्रिंटर कुठला करतोय!

चौकशी केली तेव्हा कळलं, रविवारी रात्री लाइट गेली होती. राउटर यूपीएसवर नाही. स्वस्तातले राउटर बंद पडले, की कुणाला कोणता आयपी दिला होता ते बरेचदा विसरतात. सकाळी स्टाफ आला, मोबाइल वायफायला लागले, आणि प्रिंटरचं बटण मावशींनी झाडलोट उरकून सगळ्यात शेवटी चालू केलं. तोवर ७ नंबर दुसऱ्याच कुणाला गेला होता, आणि कॉम्प्युटर मात्र अजून तिथेच प्रिंट पाठवत होते.

मग प्रिंटर आहे कुठे? दिवे लुकलुकेपर्यंत त्याचं बटण दाबून धरलं, तसा त्याने माहितीचा कागद छापला. ट्रेमध्ये लेटरहेड होती. त्यामुळे वर साहेबांचं नाव, डिग्र्या, मेंबरशिप नंबर आणि खाली सुबक अक्षरांत 'आयपी अॅड्रेस १९२.१६८.१.२३'. खाली सही-शिक्का तेवढा बाकी होता. तोच आकडा ब्राउझरमध्ये टाकला आणि प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, टोनर किती उरलाय त्यासकट.

पुढचं काम किरकोळ. राउटरमध्ये प्रिंटरच्या खऱ्या मॅकवर २३ नंबर राखून ठेवला, म्हणजे पुन्हा लाइट गेली तरी तो दुसऱ्याला मिळणार नाही. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नवीन टीसीपी/आयपी पोर्ट जोडला, म्हणजे प्रिंट आता २३ नंबरला पाठवायची हे सांगितलं. पहिल्याच कॉम्प्युटरवर 'अप्लाय' केलं आणि प्रिंटर सुटलाच. प्रिंट येत नाही म्हणून सकाळपासून जो तो पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. ते सगळं रांगेत साचलेलं. एकाच पार्टीची बॅलन्स शीट गठ्ठ्याने बाहेर, तीही लेटरहेडवर. साहेब "अहो थांबवा, थांबवा!" म्हणत ट्रे ओढायला धावले.

७ नंबरवर कोण होतं ते राउटरच्या यादीत नावासकट दिसत होतं. नव्यानेच लागलेल्या आर्टिकलचा, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराचा, मोबाइल. बिचारा म्हणाला, "सर, मी फक्त वायफाय चालू केलं होतं." सगळं ऑफिस सकाळपासून त्याच्याच मोबाइलकडे ऑडिट रिपोर्ट पाठवत होतं हे कळल्यावर पोरांना काय, आयतंच सापडलं. परवा तिथे गेलो तर मावशीसुद्धा त्याला विचारत होत्या, "काय रे प्रिंटर, चहा घेणार का?"