पैसे उसने घेतले अन् वावर विकून बसले

मे महिना सरत आला की आमच्या तहसीलसमोरच्या टिनाच्या शेडाखाली गर्दी वाढते. उलंगवाडी होऊन, म्हणजे हंगाम संपून, कापसाचे पैसे कधीच संपलेले असतात, बियाणं, खत, मजुरी सगळं एकदम अंगावर येतं, बँकेत मागचं पीककर्ज थकलेलं असलं तर नवीन मिळत नाही, अन् मग कास्तकार गावातल्याच किंवा तालुक्यातल्या कोणाकडं तरी जातो. मी इथं दस्तलेखकाच्या टेबलावर काम करतो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीपत्र हे आमचं रोजचं, त्यातलं प्रत्येक लिहिण्यासारखं आहे, पण आज फक्त एकाच प्रकाराबद्दल लिहितो कारण दरवर्षी तेच पाहून जीव तुटतो. उसने पैसे घ्यायचे अन् तारण म्हणून वावराचं खरेदीखत करून द्यायचं.

होतं कसं ते सांगतो. माणसाला दोन लाख पाहिजे असतात. देणारा म्हणतो देतो, महिन्याला शेकडा पाच, पण वावर माझ्या नावानं करून दे, पैसे आणून दिले की वापस तुझ्या नावानं करतो, आपण काय परके आहोत का. शेकडा पाच म्हणजे दोन लाखाला महिन्याचे दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार. सरकारनं लायसन असलेल्या सावकाराला शेतकऱ्याच्या तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के अन् बिनतारणीवर १२ टक्के ठरवून दिलेत, म्हणजे वावर तारण असताना याच दोन लाखाचं वर्षाचं कायदेशीर व्याज अठरा हजार होतं. पण देणाऱ्याकडं लायसनच नसतं, अन् म्हणूनच त्याला गहाणखत नको असतं, खरेदीखत पाहिजे असतं. गहाणखतात कर्ज दिसतं. खरेदीखतात कर्ज कुठंच दिसत नाही.

दस्तात काय लिहिलेलं असतं ते बहुतेक जण वाचतच नाहीत. सरकारी मूल्यांकनाच्या खाली किंमत दाखवून फायदा नाही, स्टॅम्प ड्युटी मूल्यांकनावरच भरावी लागते, म्हणून मोबदला सरकारी भावानं साडेपाच लाख वगैरे लिहिला जातो. हातात आलेले असतात दोन. खाली मजकूर असतो की संपूर्ण रक्कम मिळाली, कसलीही तक्रार नाही, आज रोजी कब्जा दिला, यापुढं आमचा किंवा आमच्या वारसांचा हक्क राहिला नाही. मग दुय्यम निबंधकाच्या खोलीत जायचं, कॅमेऱ्यासमोर बसून फोटो, अंगठा, ओळख पटवणारे दोन जण बाजूला. साहेब विचारतात दस्त तुम्हीच करून दिला का, मजकूर कबूल आहे का, पैसे मिळाले का. माणूस एकदा सावकाराकडं पाहतो अन् तिन्ही वेळा हो म्हणतो. पाच मिनिटांचं काम असतं. बाहेर येऊन चहा होतो, अन् त्याच्या डोक्यात अजूनही हेच की आपण वावर तारण ठेवलं.

एक काका आले होते, सत्तरीचे असतील. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, त्यात सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची झेरॉक्स, खरेदीखत, अन् शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली एक चिठ्ठी. मी म्हटलं काका हे तर खरेदीखत हाय. तर म्हणाले, "नायी ना भाऊ, हे तारण हाय. मले पोरीच्या लग्नाले पैसे पाह्यजे होते, त्यानं म्हटलं पैसे आणून दे मंग वावर वापस. वावर तं आजबी मीच वाहून राह्यलो. अन् सातबाऱ्यावर पाय ना, माहंच नाव हाय."

या बोलण्यात त्यांना धीर देणाऱ्या तीन गोष्टी होत्या, सातबारा, वहिवाट अन् ती चिठ्ठी. तिन्हींचं काय ते नीट सांगतो कारण गावोगावी लोक याच तिन्हींवर विसंबून असतात.

सातबारा आधी. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे, त्याचं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री फक्त नोंदणी केलेल्या दस्तानंच होते. दस्त नोंदवला की मालकी गेली, सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे याची वाट मालकी पाहत नाही. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे, कोण कसतो, शेतसारा कोणाच्या नावानं, बोजा कोणाचा हे दाखवणारा, अन् महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणं त्यातली नोंद उलटं सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, इतकंच त्याचं वजन. नोंदणीकृत खरेदीखत समोर आलं की उलटं सिद्ध झालंच. फेरफार काय, कधीतरी होणारच. पटवाऱ्याकडून नोटीस येते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. हरकत घेतली तर फेरफार अडकेल, पण खरेदीखत त्यानं रद्द होत नाही, ते रद्द करायला दिवाणी कोर्टच लागतं अन् तिथंही साधारणपणे माहीत झाल्यापासून तीन वर्षांची मुदत.

बरं, पैसे पूर्ण मिळालेच नाहीत म्हणजे विक्री झालीच नाही, असंही लोक म्हणतात. तसंही नाही. त्याच कलम ५४ मध्ये किंमत दिलेली किंवा द्यायचं कबूल केलेली असली तरी विक्रीच म्हटलंय. राहिलेल्या पैशासाठी विकणाऱ्याचा त्या जमिनीवर बोजा राहतो, म्हणजे पैसे मागता येतात, वावर मागता येत नाही. अन् इथं तर स्वतःच पूर्ण मिळाले म्हणून अंगठा दिलेला.

आता चिठ्ठी, जी मला सगळ्यात जास्त खटकते. त्यात लिहिलं होतं की तीन वर्षांत रक्कम परत केल्यास जमीन परत करून देईन. वाचायला गहाणासारखंच वाटतं ना? कायद्यात तर असा गहाणाचा प्रकार आहेच, कलम ५८ (क), सशर्त विक्रीनं केलेलं गहाण, म्हणजे वरून विक्री दिसते पण पैसे दिले की वावर परत. पण १९२९ साली त्या कलमात एक वाक्य जोडलं गेलं. परत करायची अट त्याच विक्रीच्या दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण समजला जाणार नाही. वेगळ्या स्टॅम्पवरची चिठ्ठी, मग ती त्याच दिवसाची असो, त्याच दोन साक्षीदारांची असो, गहाण होत नाही. बैल विकून दावं हातात धरून बसल्यासारखं आहे ते.

गहाण असणं अन् नसणं यात फरक केवढा ते पाहा. गहाण असेल तर सोडवायचा हक्क आहे अन् त्याच्या दाव्याला ३० वर्षांची मुदत आहे, मालक शेवटपर्यंत तुम्हीच. कोणी दस्तात लिहून घेतलं की अमुक तारखेला पैसे नाही आले तर वावर कायमचं माझं, तरी कोर्ट ते मानत नाही. पण विक्री अन् वेगळी चिठ्ठी असेल तर ती चिठ्ठी फार झालं तर परत विकत द्यायचा करार, अन् अशा करारात मुदत काटेकोर धरतात. तीन वर्षं लिहिली असतील तर तीन वर्षांच्या आत पैसे घेऊन उभं राहावं लागतं, दुष्काळ पडला, बोंडअळी आली, घरात दुखणं निघालं हे कोणी ऐकत नाही. त्यात मधेच सावकारानं वावर तिसऱ्याला विकलं अन् त्या तिसऱ्यानं काही माहीत नसताना पुरे पैसे मोजून घेतलं असेल तर करार त्याच्यावर लागू होत नाही. नोटरीच्या चिठ्ठीची कुठं नोंद नसते, जमिनीचे जुने दस्त शोधून काढतात त्या सर्च रिपोर्टात ती दिसत नाही, मग त्याला माहीत होणार तरी कसं.

वहिवाट मात्र कामाची आहे. खरेदी होऊनही वावर जुनाच मालक वाहतो, सोयाबीन-तूर तोच काढतो, विकतोही त्याच्याच नावानं, अन् खरी किंमत पंधरा लाखाची असताना हातात दोनच आले, हे सगळं एकत्र ठेवलं तर व्यवहार विक्रीचा नव्हता हे दिसायला लागतं. लेखी दस्ताच्या अटी तोंडी पुराव्यानं बदलता येत नाहीत हा नियम आहे, पण तो दस्त मुळात अमलात आणायचाच नव्हता, फक्त दाखवायला होता, हे तोंडी सांगता येतं असं सर्वोच्च न्यायालयानं गंगाबाई विरुद्ध छबूबाई या प्रकरणात म्हटलंय. वकिलाला हे नाव सांगा, त्याला माहीत असेल. पण दिवाणी दावा म्हणजे वर्षांचं काम, अन् सत्तरीच्या माणसाला वर्षं कुठून आणायची.

हे काही आजचं दुखणं नाही. १८७५ साली पुणे-नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जरोखे अन् कागदं जाळली, सुप्यापासून सुरुवात झाली, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला अन् पुढं त्यात अशीही तरतूद झाली की खरेदीखतामागचा खरा व्यवहार काय होता ते कोर्टानं तपासावं. म्हणजे खरेदीखताच्या आडचं कर्ज इंग्रजांच्या काळातच सरकारला दिसलेलं होतं. इतकं जुनं माहीत असून आजही दस्त नोंदवताना कोणी एक प्रश्न जास्तीचा विचारत नाही याचा मला राग येतो. निबंधक साहेबांचा दोष नाही, समोरचा कबूल म्हणतो तिथं त्यांना नोंदवावंच लागतं. पण दस्तलेखकाला विचारता येतं. आमच्या टेबलावर मी विचारतो, किती पैसे घेतले, वावर कोण वाहणार, घरी बाईला माहीत आहे का. दोन-चार वेळा पार्टी उठून दुसऱ्या टेबलावर गेली. जाऊ द्या.

घरी माहीत आहे का हे उगाच विचारत नाही. वावर वडिलोपार्जित असलं तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मानं हिस्सेदार आहेत, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही साफ केलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. एकट्या बापाच्या सहीवर सगळ्यांचं वावर जातं अन् पोरींना वर्षांनी कळतं.

म्हणून ज्यांचं अजून व्हायचंय त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. पैसे उसनेच घ्यायचे असतील तर गहाणखत करा अन् ते नोंदवा. समोरचा विक्रीच मागत असेल तर परत करायची अट, रक्कम अन् मुदत त्याच दस्तात लिहायला लावा, वेगळ्या कागदावर नको. तो त्याला तयार होत नसेल तर त्याला तुमचं वावरच पाहिजे आहे, व्याज नाही, हे समजून घ्या. पैसे बँकेतून घ्या म्हणजे किती आले त्याचा पुरावा राहील. अन् व्याज देता तेव्हा फोन पे नं द्या, ज्यानं वावर खरेदी केलं त्याला दर महिन्याला दहा हजार कशासाठी जातात याचं उत्तर मग त्यालाच द्यावं लागतं.

ज्यांचं होऊन गेलंय त्यांनी हातपाय गाळू नका, एक रस्ता आहे अन् तो दिवाणी कोर्टाहून जवळचा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४. त्याच्या कलम १८ प्रमाणं सावकारीच्या व्यवहारात विक्री, गहाण, अदलाबदल कशाही रूपानं गेलेली स्थावर मालमत्ता, अर्जाच्या मागच्या १५ वर्षांत गेलेली असेल तर, सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून परत द्यायचा आदेश करू शकतात, खरेदीखत नोंदवलेलं असलं तरी. आदेश पटला नाही तर महिन्याभरात विभागीय सहनिबंधकाकडं अपील. विनालायसन सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून चौकशी लागली की समोरचा बरेचदा बोलणी करायला येतो. तेव्हा तोंडी मिटवू नका, परतीचं खरेदीखत नोंदवूनच घ्या.

काकांचा अर्ज आम्ही तालुक्याच्या सहायक निबंधकांमार्फत केला. जोडलं काय ते लिहून ठेवतो, कोणाला कामी येईल. खरेदीखताची नक्कल, सूची दोन, ती नोटरीची चिठ्ठी, खरेदीच्या आधीचा अन् नंतरचा सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, खरेदीनंतरही तूर त्यांच्याच नावानं विकल्याच्या बाजार समितीच्या पट्ट्या, मुलाच्या मोबाईलवरून गेलेल्या व्याजाचा बँक तपशील, अन् धुऱ्याला धुरा लागून असलेल्या दोन शेजाऱ्यांची शपथपत्रं की आजही वावर हेच वाहतात. सगळ्यात जास्त कामाचं काय निघालं तर गावात त्याच माणसानं आणखी कोणाकोणाची वावरं अशीच घेतलीत त्याच्या सूची दोनच्या नकला. एकाच नावानं लहान लहान तुकड्यांच्या एवढ्या खरेद्या, अन् वाहणारे सगळे जुनेच मालक, हे चौकशी अधिकाऱ्याला दाखवलं की एकट्याच्या तक्रारीला वजन येतं. त्यासाठी गावातल्या बाकीच्यांशी बोलावं लागतं, लाज वाटते लोकांना, पण बोला. सूची दोन नोंदणी विभागाच्या साईटवर वर्ष, गाव अन् गट नंबर टाकून शोधता येते, नाही जमलं तर माझ्याकडं या, शोधून देतो.