जुळ्यांचं डॉप्लर करताना: माझा अनुभव

कोल्हापुरात गर्भारपणाच्या सोनोग्राफीचं काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. जुळ्यांच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे बाळांचा रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत, मशीन क्वचितच दगा देतं. घोटाळा होतो तो नाळ नेमकी कुठल्या बाळाची हे न बघितल्यामुळे, नाहीतर वार (प्लॅसेंटा) एक की दोन हे वेळेत कुणी लिहून न ठेवल्यामुळे.

म्हणून फॉर्म एफ (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा फॉर्म) भरून झाला की मी आधी तिसऱ्या महिन्यातली फिल्म मागतो. ११ ते १४ आठवड्यांत दोन पिशव्यांमधला पडदा वारेला टेकतो तिथे वारेची पाचर पडद्यात शिरलेली दिसली, तर वार दोन. पातळ पडदा सरळ काटकोनात टेकला असेल, तर वार एकच. पुढे ही खूण पुसट होत जाते. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी स्कॅन. दोन असतील आणि सगळं ठीक असेल तर विसाव्यापासून चार-चार आठवड्यांनी. गगनबावड्याकडच्या बायकांना पावसाळ्याच्या तारखा आधीच बघून देतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली की त्या रस्त्याचा भरवसा राहत नाही, आणि एकाच वारेच्या जुळ्यांत पंधरवडा चुकवणं मला पटत नाही.

मग नावं. परदेशात लिंग वेगळं असेल तर तीही ओळखखूण म्हणून लिहितात. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. मी ‘खालचं-डावं, नाळ वारेच्या मध्यात’, ‘वरचं-उजवं, नाळ वारेच्या कडेला’ असं लिहितो आणि पुढच्या प्रत्येक रिपोर्टात तेच शब्द ठेवतो. नुसतं ‘ए’ आणि ‘बी’ लिहिलं की महिन्याभरात अदलाबदल ठरलेली.

पाण्यात तरंगणाऱ्या नाळेचे दोन वेटोळे शेजारी आले तर कुठला कुणाचा, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. शंका आली की बाळाच्या पोटापासून नाळ धरतो. मात्र बाळाच्या टोकाला पीआय (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) जास्त येतो आणि वारेच्या टोकाला कमी, त्यामुळे जागा रिपोर्टात लिहायची आणि तुलना त्याच जागेच्या तक्त्याशी करायची. ध्वनिलहरी आणि रक्ताची धार यांतला कोन ३० अंशांच्या आत, फिल्टर ६० हर्ट्झ किंवा त्याहून कमी. फिल्टर जास्त असेल तर बेसलाइनजवळचा मंद प्रवाह मशीनच कापून टाकतं आणि डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडतं तेव्हा) प्रवाह नाही असं खोटंच दिसतं. बाळाला उचकी लागली असेल तर थांबायचं.

मेंदूच्या धमनीला कोन शून्याच्या जवळ आणि प्रोबचा दाब हलका. डोक्यावर दाब पडला की पीआय वाढतो आणि त्रासातलं बाळ निवांत वाटतं. मेंदूचा पीआय १.४४ आणि नाळेचा १.६० असेल तर गुणोत्तर ०.९, एकच्या खाली गेलं म्हणजे बाळ रक्त मेंदूकडे वळवतंय. या गुणोत्तराला सीपीआर म्हणतात, पण कोल्हापुरात सीपीआर म्हणजे सरकारी थोरला दवाखाना; म्हणून मी रिपोर्टात पूर्ण नाव लिहितो, नाहीतर नातेवाईक तिथे बेड बघायला लागतात.

एकाच वारेत याच धमनीतल्या रक्ताचा वेगही मोजायचा, कारण वारेतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे झिरपत असू शकतं. एकाचा त्या आठवड्याच्या मध्यकाच्या दीडपट किंवा जास्त आणि दुसऱ्याचा ०.८ किंवा कमी असेल, तर जन्मताना एक पांढरंफटक आणि दुसरं लालबुंद निघू शकतं. रक्तपेढीला आधी कळवलेलं बरं. बाळाभोवतीच्या पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा एकाकडे २ सेंमीच्या आत आणि दुसऱ्याकडे ८ च्या वर असेल तर डॉप्लरच्या आकड्यांची वाट बघत बसू नये; वारेतल्या जोडवाहिन्या लेझरने बंद करण्यासाठी पुण्या-मुंबईच्या फीटल मेडिसिन (गर्भातल्या बाळांवरच्या उपचारांच्या) सेंटरला त्याच दिवशी फोन.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे एकाच वारेतलं एक बाळ खुरटलेलं आणि त्याच्या नाळेत डायस्टोलचा प्रवाह कधी आहे, कधी नाही, कधी उलटा. वारेत दोघांच्या धमन्या जाड फांदीने जोडलेल्या असतात आणि दोन लाटा एकमेकींवर आदळतात, म्हणून असं होतं. नेहमीच्या स्वीप स्पीडवर (पडद्यावर आलेख सरकण्याच्या वेगावर) हे हमखास निसटतं. स्पीड कमी करायचा, गेट (मोजणीची खिडकी) नाळ वारेत शिरते तिथे ठेवायचा आणि बाईला क्षणभर श्वास रोखायला सांगायचं. मग लाटांच्या तळाची रेघ हळूहळू वर चढून पुन्हा खाली जाताना दिसते. प्रवाह कायम चांगला असेल तर निकाल बहुधा बरा लागतो. कायमच बंद असेल तर बिघाड पायरीपायरीने होतो आणि डक्टस व्हेनोससची (नाळेचं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या बाळाच्या शिरेची) ए-लाट, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा आकसतानाची लाट, पुढची सूचना देते. या कधी आहे-कधी नाही प्रकारात मात्र आदल्या दिवशीचं डॉप्लर चांगलं असूनही बाळ अचानक जाऊ शकतं आणि मोठ्याच्या मेंदूलाही इजा होऊ शकते. ‘दोन्ही पोरं बरी हायत न्हवं?’ असं विचारल्यावर अशा वेळी मी ‘आज बरी आहेत’ एवढंच म्हणतो.

बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोनची १२ मिलीग्रॅमची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने दिल्यावर बंद असलेला प्रवाह काही दिवस परत दिसू शकतो. ती सुधारणा धरून सिझर पुढे ढकलू नये. इंजेक्शनची तारीख रिपोर्टात वरच लिहावी.

सिझरमध्ये हाताला आधी लागतं ते पहिलं, म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मी ‘पहिलं-दुसरं’ लिहीत नाही. ‘लहान, अंदाजे वजन अमुक, नाळ कडेला, प्रवाह अधूनमधून बंद’ असं लिहितो, आणि लहान्याच्या नाळेला खूण म्हणून दोन क्लॅम्प लावायला थिएटरमध्ये सांगून ठेवतो.