तुम्ही विचारलेत म्हणून: कोणता धोका, कुठे?

स्टेशन मास्तर म्हणून नोकरी केलेल्या माणसाला ‘द सिग्नलमन’ एवढी का भावते, आणि त्यातला सिग्नलमन वेडा होता की भूत खरे होते, हे इतक्या जणांनी विचारले आहे की आता एकदाच लिहून टाकतो. इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सची १८६६ सालची ही कथा आणि तिच्यावर बीबीसीने डिसेंबर १९७६मध्ये दाखवलेली जेमतेम चाळीस मिनिटांची फिल्म तुम्ही पाहिली आहे, म्हणूनच विचारता. तेव्हा कथानकाची एकाच वाक्यात आठवण: खोल कटिंगमधल्या, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या रेल्वेमार्गाच्या, केबिनमधला सिग्नलमन वरून उतरून आलेल्या एका प्रवाशाला सांगतो की बोगद्याच्या तोंडाशी एक भुतासारखी आकृती दिसते आणि तिच्यामागून अपघात येतो.

वेडा की भूत, हा प्रश्न वरून खाली पाहणाऱ्या प्रवाशाचा आहे. केबिनमधल्या माणसापुढचा पेच निराळा असतो. बोगद्याच्या तोंडाशी ती आकृती यापूर्वी दिसली तेव्हा माणसे मेली. आता ती पुन्हा दिसते आहे, पण तारेवर कळवायचे काय? धोका आहे म्हणावे, तर पुढचे स्टेशन विचारणार, कोणता धोका आणि कुठे? हे सांगताना फिल्ममधला सिग्नलमन, डेनहॉम एलियट, याच्या चेहऱ्यावर मला भीतीपेक्षा ओशाळलेपणच अधिक दिसते.

घाटातल्या एका लहान स्टेशनावर मी रात्रपाळीला असताना पावसाळी गस्तीचा माणूस भिजून आत आला आणि म्हणाला, “मास्तर, कटिंगमधला आवाज बरा नाही.” दगड पडला होता का? नाही. माती घसरली होती, रुळांवर पाणी होते? तेही नाही; दोनदा चालत जाऊन तो पाहून आला होता. मी कंट्रोलला, म्हणजे गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कार्यालयाला, फोन लावला, तेव्हा पलीकडून अगदी शांतपणे विचारले गेले, “कारण काय लिहू?” माझ्यापाशी कारण नव्हते. मी गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जायची परवानगी, दिली आणि गाडी पुढच्या स्टेशनावर पोचल्याची घंटा होईपर्यंत पुढच्या स्टेशनाशी जोडलेल्या यंत्रासमोर, ब्लॉक इन्स्ट्रुमेंटसमोर, उभा राहिलो. गस्तवाला दारातच थांबला होता, रेनकोटचे पाणी फरशीवर ठिबकत होते आणि तो माझ्याकडे पाहत नव्हता. घंटा झाली. काही घडले नाही. त्या पावसाळ्यात तिथे दरड कोसळलीच नाही. मात्र त्यानंतर त्या माणसाने मला तसे काही कधी सांगितले नाही, आणि तेच सलते. कोणी सिग्नलमनला सरळ वेडा ठरवतो तेव्हा मी तडकतो, तो यामुळे.

माझ्यातला तेव्हाचा मास्तर अजून वाद घालतो: प्रत्येक शंकेसाठी गाडी अडवायची तर रेल्वे चालणार कशी? त्याचे खोटे नाही. पण कारण हाती असले म्हणजे भागते, असेही नाही. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमधल्या स्टेपलहर्स्टजवळ पुलावरचे रूळ काढलेले असताना खुद्द डिकन्स बसलेली गाडी घसरली आणि दहा माणसे मेली. लाल बावटा घेऊन एक जण हजार यार्डांवर उभा असायला हवा होता, तो ५५४ यार्डांवर होता. त्याला धोका ठाऊक होता, अंतर अपुरे पडले. सिग्नलमनला वेळ भरपूर मिळाला, ठिकाण कळले नाही.

दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांनी किडरमिन्स्टरजवळच्या खोल कटिंगमध्ये हे सगळे ओलसर आणि कोंदट उभे केले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटाबद्दल आहे, किंवा होती. कथेतला प्रवासी सिग्नलमनला चांगल्या डॉक्टरकडे न्यावे असा शहाणा विचार करतो आणि परततो तेव्हा सगळे आटोपलेले असते. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसने त्याला धावत आणून मृत्यू पाहायला लावला. पूर्वी मला हा बदल उगाचचा वाटे. मग वाटू लागले की धावूनही उपयोग नसतो, हे दाखवायला कोणीतरी धावलेच पाहिजे. अलीकडे पुन्हा पाहिली, तेव्हा मत परत कथेकडे झुकले. तेव्हा यातले कोणते सरस, ते मला विचारू नका. आणि भूत खरे होते का, हे विचारायचेच असेल, तर आधी सांगा, त्या रात्री तुम्ही कंट्रोलला काय कारण दिले असते?